गुडघ्याच्या लहान शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे : पहिली रात्र आणि पुढचे आठ दिवस

बैतूल, मुलताई, पांढुर्णा, बऱ्हाणपूर या पट्ट्यात मराठी बोलणाऱ्यांची वस्ती मोठी आहे. यांपैकी कित्येकांना नागपूर किंवा खानदेश जवळचा असला, तरी नोकरीचे गाव, नातेवाइकांचा आधार किंवा राज्य शासनाच्या सवलती यांमुळे उपचारासाठी भोपाळ गाठावे लागते. भोपाळ शहरातही जुन्या संस्थानी काळापासूनची आणि पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यामुळे येऊन वसलेली मराठी कुटुंबे आहेत. हमीदिया रुग्णालय, २०१२ नंतर उभी राहिलेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि अनेक खाजगी रुग्णालये येथे गुडघ्याची दुर्बिणीतून केली जाणारी शस्त्रक्रिया आता नित्याची झाली आहे. रुग्ण सकाळी येतो, दुपारी शस्त्रक्रिया होते आणि त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी त्याला घरी पाठविले जाते.

घरी पाठविणे हाच या लेखाचा विषय आहे. पूर्वी जे दुखणे रुग्णालयाच्या खाटेवर, परिचारिकेच्या नजरेखाली भोगले जाई, ते आता घरातील ओसरीवर, आणि प्रसंगी रेल्वेच्या डब्यात भोगले जाते. त्याची जबाबदारी रुग्णाची पत्नी, मुलगा, गावातील आरोग्यसेविका आणि औषधविक्रेता यांच्यावर येऊन पडते. शस्त्रक्रिया लहान असली, तरी तिच्यानंतरचे दुखणे लहान असतेच असे नाही. आणि ते नीट आवरले नाही, तर उत्तम झालेल्या शस्त्रक्रियेचाही लाभ हातून निसटतो. दुखते म्हणून रुग्ण पाय हलवीत नाही, पाय न हलल्याने मांडीचा स्नायू आठवड्याभरातच रोडावतो, सांधा आखडतो आणि पोटरीतील शिरेत रक्त गोठण्याचा संभव वाढतो.

गुडघ्यात नेमके काय दुखते

गुडघ्याच्या सांध्यात, मांडीचे हाड व नडगीचे हाड यांच्यामध्ये, चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात. पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर गर्रकन वळले की त्या फाटू शकतात. भोपाळ हे हॉकीचे गाव आहे. १९७५ च्या क्वालालंपूर येथील विश्वचषकात मलेशियाविरुद्ध बरोबरी साधून देणारे अस्लम शेरखान याच मातीतले. जेथे हॉकी, तेथे गुडघ्याची कूर्चा फाटलेले तरुण खेळाडू असावयाचेच. अशा तरुणांत, तसेच मोडलेला तुकडा सांध्यात अडकून गुडघा जाम होत असल्यास, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा उपयोग निश्चित होतो.

येथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. वयपरत्वे झिजलेल्या गुडघ्यात कूर्चा फाटलेली दिसणे ही सामान्य बाब आहे आणि अशा गुडघ्यात ती कापून काढल्याने व्यायामापेक्षा विशेष अधिक लाभ होत नाही. २०१३ मध्ये फिनलंडमधील तज्ज्ञांनी, झीज होऊन कूर्चा फाटलेल्या काही रुग्णांची खरी शस्त्रक्रिया केली, तर काहींची नुसती दुर्बीण घालून तपासणी केली. वर्षभरानंतर दोन्ही गटांत लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने झिजेच्या गुडघ्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी जोरदार शिफारस केली. तेव्हा न होणाऱ्या शस्त्रक्रियेचे दुखणे हे सर्वांत सहज आवरता येणारे दुखणे होय. प्रौढ रुग्णाने शल्यविशारदास याविषयी विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

गुडघ्यात दुर्बीण घालण्याची कल्पना जपानची. तोकियोचे केन्जी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासण्याची नळी मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये अशाच दुर्बिणीच्या साहाय्याने फाटलेल्या कूर्चेचा भाग काढला. गुडघा उभा चिरण्याऐवजी बोराएवढीही नसलेली दोन छिद्रे पुरू लागली. बाहेरून दिसणारी जखम इतकी लहान की घरच्या मंडळींना वाटावे, एवढ्याशा टाक्याला एवढे कण्हण्यासारखे काय आहे? याचे उत्तर १९९८ मध्ये स्कॉट डाय या अमेरिकन अस्थिशल्यविशारदाने स्वतःच्या शरीरावर शोधले. त्यांनी सांध्याच्या आत भूल न देता आपल्या दोन्ही गुडघ्यांत दुर्बीण घालवून घेतली आणि आतील एकेक भाग टोचला जात असताना काय जाणवते ते नोंदविले. हाडावरील गुळगुळीत कूर्चेला टोचले तर काहीच कळेना. चंद्रकोरीच्या आतल्या कडेची जाणीव पुसट. परंतु सांध्याचे आतील नाजूक अस्तर आणि वाटीखालील चरबीची गादी यांना स्पर्श होताच असह्य कळ. दुर्बीण आत शिरते ती नेमकी याच चरबीतून व अस्तरातून. शस्त्रक्रियेच्या वेळी सांध्यात पाणी भरून तो फुगविलेला असतो, त्याचाही ताण अस्तरावरच पडतो. म्हणून बाहेरचा टाका केवढा आहे, यावरून आतल्या दुखण्याचे माप काढता येत नाही.

भूल उतरण्याची वेळ

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही तास रुग्ण अगदी खुशीत असतो. 'काहीच दुखत नाही' असे तो सर्वांना सांगतो, भेटावयास आलेल्यांशी गप्पा मारतो, आणि एखादा तर रात्रीच्या गाडीने परत जाऊ म्हणतो. ही खुशी भुलेची असते. पाठीच्या मणक्यात दिलेली भूल साधारण दोन ते चार तासांत उतरते. शस्त्रक्रिया संपताना सांध्यात व छिद्रांभोवती ब्युपिव्हाकेनसारखे दीर्घकाळ टिकणारे बधिरीकरणाचे औषध टोचले असेल, तर त्याचा अंमल आणखी काही तास चालतो. मांडीतील मज्जातंतूभोवती औषध दिले असल्यास बधिरपणा बारा ते चोवीस तासही राहू शकतो. त्यानंतर दुखणे हळूहळू न चढता अवचित येते, आणि बहुधा रात्री येते.

मुलताईचा एखादा शिक्षक दुपारी शस्त्रक्रिया करून घेऊन संध्याकाळी भोपाळच्या स्थानकावर आला, अशी कल्पना करावी. गाडी इटारसी सोडून सातपुड्याचा घाट चढू लागते, त्या सुमारास भूल उतरते. गोळ्यांची पिशवी वरच्या फळीवरील सामानात, पाणी संपलेले, पाय पसरावयास जागा नाही आणि उतरावयास अजून अवकाश. अशा वेळी दुखणे एकदा भडकले की नेहमीची गोळी घेऊनही ते तासभर दबत नाही. कारण गोळी पोटात विरघळून रक्तात पोहोचण्यास अर्धा-पाऊण तास लागतो आणि तोपर्यंत चेतासंस्था अधिकच हळवी झालेली असते.

यातून निघणारा नियम साधा आहे. पहिली गोळी दुखू लागल्यावर नव्हे, तर भूल उतरण्यापूर्वी, अन्न पोटात गेल्याबरोबर घ्यावी आणि पुढील दोन दिवस घड्याळ पाहून घेत राहावी. शस्त्रक्रियेनंतर पहिली रात्र शक्यतो भोपाळातच काढावी, मग ती नातेवाइकाकडे असो की धर्मशाळेत. रुग्णालयातून निघण्यापूर्वी भूल कोणत्या प्रकारची दिली आणि ती केव्हा उतरेल, हे भूलतज्ज्ञास विचारून कागदावर लिहून घ्यावे. पायात पुरते बळ येण्याआधी आधाराशिवाय उभे राहू नये. बधिर मांडीवर भरवसा ठेवून मोरीत जाताना पडलेले रुग्ण प्रत्येक अस्थिरोगतज्ज्ञाच्या आठवणीत असतात.

औषधे : कोणती, किती आणि कोणाला नाही

दुखणे आवरण्याची आजची पद्धत एकाच जालीम औषधावर विसंबून राहात नाही. निरनिराळ्या मार्गांनी काम करणारी दोन-तीन सौम्य औषधे बेताच्या मात्रेत एकत्र दिली असता परिणाम चांगला होतो आणि अपाय कमी होतो. या मांडणीचा पाया पॅरासिटामॉल हा आहे. ताप उतरविणारी साधी गोळी म्हणून तिच्याकडे तुच्छतेने पाहिले जाते आणि ती बाजूला ठेवून 'जोरदार' गोळी मागितली जाते, ही चूक होय. ५० किलोपेक्षा अधिक वजनाच्या, यकृत निरोगी असलेल्या प्रौढाने ६५० मिलिग्रॅमची एक गोळी दर सहा तासांनी घेतल्यास दिवसाकाठी २,६०० मिलिग्रॅम होतात, आणि ही मात्रा सुरक्षित मर्यादेत बसते. चोवीस तासांत ४,००० मिलिग्रॅमची मर्यादा कोणत्याही परिस्थितीत ओलांडू नये. वजन कमी असलेल्यांनी, यकृताचा विकार असलेल्यांनी आणि नियमित मद्यपान करणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा आणखी कमी ठेवावी. खरा धोका दुसरीकडेच असतो. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असते, अंगदुखीच्या जोडगोळीत असते, आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या कागदावर ते निराळ्या नावाने पुन्हा असते. तीन वेगळ्या वेष्टनांतून एकच औषध पोटात जाते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरा गट आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, नेप्रॉक्सेन यांचा. जखम झालेल्या ठिकाणी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती सूज आणतात आणि मज्जातंतूंची टोके हळवी करतात. ॲस्पिरिन व त्याच्या जातीची औषधे ही द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. गुडघ्याच्या अस्तराची सूज हेच दुखण्याचे मुख्य कारण असल्याने ही औषधे येथे उत्तम लागू पडतात. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही मिळून घेतल्यास एकट्या कोणत्याही औषधापेक्षा अधिक आराम पडतो. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, जेवणानंतर, तीन ते पाच दिवस, एवढे बहुतेकांस पुरते.

मात्र हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाला रक्तपुरवठाही राखतात. म्हणून ज्याला पूर्वी जठराचा व्रण झाला आहे, ज्याचे मूत्रपिंड दुबळे आहे, ज्याला हृदयविकार आहे किंवा रक्त पातळ करण्याचे औषध चालू आहे, त्याने या गटातील औषध डॉक्टरांस न विचारता घेऊ नये. गर्भवतींनीही ते टाळावे. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धास हे तिसरे औषध मिळाले आणि त्यातच उन्हाळ्यात पाणी कमी प्यायले गेले, तर मूत्रपिंड अचानक काम थांबवू शकते.

भोपाळच्या रहिवाशांना याचा एक विलक्षण दाखला जवळच पाहावयास मिळतो. १९९० नंतर भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. २००४ मध्ये कारण प्रसिद्ध झाले : दुखणाईत गुराला टोचलेले डायक्लोफिनॅक, गूर मेल्यावर त्याच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करी. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसासाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांकडे वळतात हे लक्षात आल्यावर २०१५ मध्ये त्या बाटलीचा आकार ३ मिलिलिटरवर आणला गेला. भोपाळजवळील केरवा येथे गिधाडांच्या संवर्धनाचे केंद्र आहे ते याच संकटामुळे. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही, ही गोष्ट खरी. पण ज्या औषधाने एका पक्ष्याचे आकाश रिकामे केले, ते औषध किराणा मालासारखे विकत घेऊ नये, एवढा बोध पुरे आहे. या गटातील दोन औषधे एकाच वेळी घेणे तर सर्वथा वर्ज्य. गावात 'इंजेक्शन घेतले की लवकर बरे वाटते' या समजुतीने गोळ्यांवर आणखी डायक्लोफिनॅकची सुई टोचून घेतली जाते. जो रुग्ण गोळी गिळू शकतो, त्याला या सुईपासून अधिक असे काहीच मिळत नाही. सुईच्या जागी गळू मात्र होऊ शकते.

तिसरा गट अफूच्या जातीच्या औषधांचा. मंदसौर आणि नीमच या माळव्यातील जिल्ह्यांत आजही सरकारी परवान्याने अफूचे पीक घेतले जाते आणि नीमचच्या शासकीय कारखान्यात तिच्यापासून औषधी द्रव्ये काढली जातात. मॉर्फिन हे त्यांतील प्रमुख. १९९१ मध्ये जर्मनीतील क्रिस्टोफ स्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर थोडेसे मॉर्फिन थेट गुडघ्यात सोडल्यास दुखणे कमी होते असे प्रसिद्ध केले आणि जगभर ती पद्धत पसरली. पुढील काळातील तपासण्यांत मात्र तिचा म्हणावा तसा लाभ दिसून आला नाही. सांध्यात नळी ठेवून बधिरीकरणाचे औषध दिवसेंदिवस सोडीत राहण्याची पद्धतही अशीच आली आणि गेली. तिच्यामुळे सांध्यातील गुळगुळीत कूर्चाच विरघळते असे आढळल्याने २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिच्याविषयी इशारा दिला. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की गुडघ्यात 'काहीतरी सोडून' घेण्याचा आग्रह रुग्णाने धरू नये.

घरी नेण्यासाठी या गटातील बहुधा ट्रॅमाडॉल दिले जाते. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. पहिल्या दोन-तीन रात्री, पहिली दोन औषधे घेऊनही झोप मोडत असेल तरच ते घ्यावे. त्याने मळमळते, चक्कर येते, शौचास खडा होतो. मिरगीच्या रुग्णास ते धोक्याचे ठरते, आणि मानसिक विकारावरील काही औषधांशी त्याचे पटत नाही. मद्य अथवा झोपेची गोळी यांच्याबरोबर ते कधीही घेऊ नये. उरलेल्या गोळ्या फडताळात जपून ठेवण्याची आपली सवय या औषधापुरती तरी सोडली पाहिजे. शेजाऱ्याच्या कंबरदुखीसाठी त्या द्यावयाच्या नसतात.

वायुपीडित रुग्ण

भोपाळात आणखी एका प्रश्नाचा विचार करावा लागतो. १९८४ च्या डिसेंबरातील २ व ३ तारखांमधील रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. त्या रात्री दहा-पंधरा वर्षांची असलेली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत, म्हणजे नेमकी गुडघ्याच्या तक्रारींच्या वयात आली आहेत. ज्यांची फुप्फुसे त्या वेळी दुखावली, त्यांतील अनेकांना धाप, खोकला, छातीत घरघर यांनी आजतागायत सोडलेले नाही. शहरात भोपाळ स्मारक रुग्णालय व संशोधन केंद्र याच पीडितांसाठी उभारले गेले.

अशा रुग्णाच्या बाबतीत दुखणे आवरण्याच्या योजनेची दिशाच बदलते. अफूच्या जातीची औषधे श्वसनाचा वेग मंदावतात. निरोगी माणसास जी मात्रा नुसती झोप आणते, ती दुबळ्या फुप्फुसाच्या माणसास, विशेषतः झोपेत, प्राणवायूस पारखी करू शकते. म्हणून येथे पॅरासिटामॉल आणि शस्त्रक्रियेच्या वेळीच जागेवर टोचलेले बधिरीकरणाचे औषध यांवर भर द्यावा. ट्रॅमाडॉल द्यावयाचेच झाल्यास पहिली मात्रा रुग्णालयात, बोटाला प्राणवायूमापक लावून द्यावी. दम्याच्या काही रुग्णांना ॲस्पिरिन अथवा डायक्लोफिनॅक घेताच दम्याचा तीव्र झटका येतो. सर्वांनाच असे होत नाही. 'पूर्वी अंगदुखीची गोळी घेतल्यावर कधी छाती भरून आली होती काय?' हा एक प्रश्न विचारल्याने बराच उलगडा होतो. पण तो प्रश्न विचारला जाईलच अशी खात्री नसल्याने रुग्णाने आपण होऊन सांगावे. चाळीस वर्षांपूर्वीच्या वायूचा गुडघ्याशी काय संबंध, असे म्हणून ही माहिती मनात ठेवू नये. जुने कागद बरोबर न्यावेत आणि शल्यविशारदाइतकेच भूलतज्ज्ञासही दाखवावेत.

दुखण्याचे शब्द

'किती दुखते?' या प्रश्नाला शून्य ते दहा या आकड्यांत उत्तर देण्याची पद्धत रुग्णालयांत रूढ आहे. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून अधिक दुखणे कल्पनेत येत नाही. आकडा उपयुक्त आहे, पण तो दोनदा विचारला पाहिजे : निजलेले असताना आणि पाय उचलताना. निजल्यावर दोन आणि पाय उचलताना आठ असेल, तर त्या रुग्णाचे दुखणे आवरलेले नाही. तो केवळ हलत नाही.

आकड्याने सांगता न येणारे पुष्कळसे मराठी भाषा सांगून जाते. ठणका लागणे निराळे, कळ येणे निराळे, चमक निघणे निराळे. नाडीच्या ठोक्याबरोबर ठणकणारा गुडघा सूज, आत साचलेले रक्त किंवा आवळून बसलेला पट्टा सुचवितो. पाय उंच ठेवून पट्टा सैल करताच तो निवला पाहिजे. वळताना क्षणभर निघणारी चमक पहिल्या आठवड्यात अपेक्षितच असते. छिद्राच्या कडेला कातडीची आग होणे, तेथे बधिर वाटणे, हे कातडीतील बारीक मज्जातंतू दुखावल्याचे लक्षण असून ते बहुधा काही आठवड्यांत ओसरते. बोटांना मुंग्या येऊन ती गार पडणे हे मात्र पट्टा तत्काळ सोडण्याचे कारण होय. भोपाळच्या रुग्णालयात हे सगळे हिंदीतून सांगावे लागते आणि घाबरलेला मराठी रुग्ण ठणका, कळ, आग या तिन्हींचे भाषांतर 'दर्द' या एकाच शब्दाने करून मोकळा होतो. हिंदीत ठणक्याला टीस आणि आगीला जलन हे शब्द आहेत. ते येत नसतील, तर हाताने दाखवावे, बोटाने ठोका धरून दाखवावा.

यापेक्षाही मोठी अडचण न बोलणाऱ्यांची असते. विशेषतः वडीलधाऱ्या स्त्रिया 'बरं आहे, चालायचंच' एवढेच सांगतात. सोसणे हा गुण मानला गेल्यामुळे त्या विव्हळत नाहीत, गोळीही मागत नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा गुडघा लाकडासारखा ताठ झालेला आढळतो. अशा वेळी आरोग्यसेविकेने 'मावशी, दुखतं का?' असे न विचारता, 'मावशी, रात्री किती वेळा जाग आली? उठून मोरीपर्यंत कशा गेलात?' असे विचारावे. उत्तर खरे मिळते.

बर्फ, उशी आणि काठी

औषधाशिवायच्या उपायांत थंडाव्याला पहिले स्थान आहे. बर्फाचे तुकडे पंचात गुंडाळून गुडघ्यावर पंधरा ते वीस मिनिटे ठेवावेत आणि पहिले दोन-तीन दिवस दर दोन-तीन तासांनी असे करावे. बर्फ कातडीला थेट लावू नये. पाय बधिर असताना, किंवा मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेली असल्यास, कातडी गोठून फोड येतात आणि ते रुग्णास कळतही नाही. तेथे बर्फ टाळावा. जखमेची पट्टी भिजू नये म्हणून मध्ये प्लास्टिकची पिशवी ठेवावी. बर्फ न मिळाल्यास माठातील पाण्यात भिजवून पिळलेले फडके वरचेवर बदलावे.

पाय उंच ठेवावयाचा तो घोट्याखाली व पोटरीखाली उशा देऊन. गुडघ्याच्या खाली उशी घेतली की बरे वाटते, आणि म्हणूनच बहुतेक जण तसे करतात. परंतु तसा वाकलेला गुडघा काही दिवसांत तसाच आखडतो आणि पुढे चालताना पाय सरळ होत नाही. घोटा खालीवर करणे आणि गुडघ्याची मागील बाजू अंथरुणावर दाबून मांडीचा स्नायू पाच मोजेपर्यंत आवळून धरणे, हे दोन व्यायाम भूल उतरल्याबरोबर सुरू करावेत, दर तासाला दहा-दहा वेळा. त्यासाठी सर्वांत सोयीची वेळ गोळी घेतल्यानंतर पाऊण तासाने येते.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय; भोपाळच्या चढउतारांच्या जुन्या वस्तीत हा नियम पाठ असलेला बरा. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, पूजेस वा नमाजास गुडघे टेकणे शल्यविशारद सांगेपर्यंत थांबवावे. भारतीय पद्धतीच्या शौचकुपाची अडचण खरी आहे. शस्त्रक्रियेच्या आधीच मधोमध भोक पाडलेली खुर्ची किंवा पाट्याचा उंच ठोकळा तयार करून ठेवावा. कूर्चा कापून काढण्याऐवजी शिवलेली असल्यास वजन टाकणे व गुडघा वाकविणे यांचे नियम निराळे आणि अधिक कडक असतात. त्यात शेजाऱ्याच्या अनुभवाची नक्कल करू नये.

तेल चोळणे, हळद-चुन्याचा लेप, हाडवैद्याकडून पाय ओढून घेणे यांना पहिल्या आठवड्यात थारा नाही. 'सांधेदुखीची पुडी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या चूर्णांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने दोन दिवस अद्भुत आराम वाटतो आणि सांध्यात जंतू शिरले असतील तर त्यांना मोकळे रान मिळते.

दुखणे वाटेवर आहे की नाही

सर्वसामान्य दुखणे पहिल्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत सर्वाधिक असते आणि तिसऱ्या दिवसापासून उतरणीस लागते. आधी ट्रॅमाडॉल सोडावे, मग आयबुप्रोफेन, शेवटी पॅरासिटामॉल. आठवड्याभरात बहुतेकांच्या गोळ्या सुटतात किंवा झोपेच्या वेळेपुरत्या उरतात. या वाटेने न जाणारे दुखणे संशयास्पद समजावे. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणे वाढत चालले, गुडघा लाल व गरम झाला, थंडी वाजून ताप आला किंवा छिद्रातून पू वा गढूळ पाणी येऊ लागले, तर सांध्यात जंतूंचा प्रवेश झाला असण्याची शक्यता असते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर हे शंभरातील एका रुग्णालाही होत नाही, पण ज्याला होते त्याचा सांधा काही दिवसांत कायमचा नासू शकतो. अशा वेळी गोळीची मात्रा वाढवून वाट पाहणे म्हणजे घराला आग लागली असता धुराड्याचे झाकण लावण्यासारखे आहे.

पोटरी दुखून कडक होणे, एकच पाय घोट्यापर्यंत सुजणे ही शिरेत रक्त गोठल्याची चिन्हे असू शकतात. ती पोटरी चोळू नये; गोठलेला तुकडा सुटून फुप्फुसात गेला, तर एकाएकी धाप लागते, छातीत दुखते आणि प्राणावर बेतते. दम्याच्या वायुपीडित रुग्णास लागलेली धाप 'नेहमीचीच' समजून सोडून दिली जाण्याचा धोका अधिक, म्हणून त्याच्या घरच्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पावलाची बोटे बाहेरून वर ओढली असता पोटरीत असह्य कळ येणे आणि कोणत्याही गोळीने ती न दबणे, हेही तातडीचे लक्षण होय. ते दिसल्यास सकाळ होण्याची वाट पाहू नये.

या सर्व प्रसंगी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात दूरध्वनी करावा; पण भोपाळ लांब असेल, तर तेथवर प्रवास करण्यापूर्वी बैतूलचे किंवा जवळच्या गावाचे जिल्हा रुग्णालय गाठावे. बरोबर जाताना शस्त्रक्रियेचा कागद, चालू गोळ्यांची वेष्टने आणि शेवटची गोळी केव्हा घेतली त्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी न्यावी. तपासणाऱ्या डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत याच तीन गोष्टी हव्या असतात.